आत्यांचं तळं

माझ्या नवऱ्याच्या आत्यांइतकं पाण्यावर प्रेम करणारं माणूस अख्ख्या ग्लासगोत नसेल, आणि हे मी अशा गावाबद्दल म्हणतेय जिथले लोक पावसाला कंटाळून स्पेनला पळतात. हॉटेलात पाण्याचा ग्लास समोर आला की आत्या वेटरला विचारतात, "हे कुठल्या तळ्यातलं?" तो बिचारा "टॅपचं" म्हणतो. मग त्याला डोंगरातलं तळं, तिथून शहरापर्यंत आणलेलं पाणी, सगळं ऐकून घ्यावं लागतं आणि आमचं जेवण गार होतं. एका गणपतीत मंडळानं मूर्तीचं नदीत विसर्जन करायचं ठरवलं, तर आत्या बादली घेऊन हजर. "नदी काय आपल्या एकट्याची आहे?" तेव्हापासून आमचे बाप्पा निळ्या प्लास्टिकच्या बादलीतूनच गावाला जातात.

पेशानं आत्या वकील. एकाच पाण्यावरून भांडणाऱ्या देशांमध्ये करार घडवून आणायचे, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावरही आफ्रिकेतल्या एका गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी त्यांना बोलावणं आलं. तळं एक, काठ दोन, देशही दोन. उत्तरेकडच्या शहराचं सांडपाणी एकदा तळ्यात शिरलं, ते कुणी पलीकडे कळवलं नाही, आणि दक्षिणेकडची मुलं तेच पाणी प्यायली. त्यातली काही वाचली नाहीत.

बोलणी ग्लासगोतच झाली. आत्यांचं म्हणणं एवढंच, की घाण पाणी तळ्यात गेलं तर पलीकडे ताबडतोब कळवलंच पाहिजे. उत्तरेचे वकील म्हणजे एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "'कळवलंच पाहिजे' आमचं सरकार मानणार नाही. 'शक्यतो कळवावे' असं लिहा." आत्या हटून बसल्या. शेवटी दक्षिणेकडून बोलणी करायला आलेल्या बाईंनीच आत्यांना बाजूला घेतलं. "आमच्याकडे निवडणूक आहे. आत्ता सही झाली नाही तर पुढचं सरकार टेबलावरसुद्धा येणार नाही. राहू दे तो शब्द."

सही झाली. आत्या घरी आल्या त्या कोट न काढताच किचनमध्ये बसल्या. मी म्हटलं, "आत्या, करार झाला ना? मग?"

"अगं, त्या 'शक्यतो'मधून अख्खं गटार वाहून जाईल. आणि तो शब्द मी माझ्या हातानं लिहिला." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नंतर कितीतरी दिवस कुणी तळ्याचं नाव काढलं की विषय बदलायच्या.

यंदाच्या वसंतात एका दुपारी त्यांचा फोन वाजला; त्यांनी तो स्पीकरवर टाकला. उत्तरेचे ते उंच वकील. त्यांच्या शहरातला सांडपाण्याचा पंप बंद पडला होता. वरिष्ठ म्हणत होते, थांबा, आधी आपण बघू. यांनी थांबायचं नाकारलं आणि पलीकडे थेट फोन लावला. दक्षिणेनं तळ्यातून पाणी उचलणं लगेच बंद केलं. या वेळी एकही मूल आजारी पडलं नाही.

"पण करारानं तुम्हाला बांधलं नव्हतं," आत्या म्हणाल्या.

"'शक्यतो' लिहिलंय, मॅडम. मला शक्य होतं."

मग आत्यांनी विचारलं, "तुम्ही आत्ता कुठे आहात?" ते काठावरच उभे होते. पाणी निवळलंय का, हे स्वतः बघायला आले होते.

आत्यांनी ते तळं कधी पाहिलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यभर त्या नकाशे आणि बंद खोल्यांमधूनच तळी राखत आल्या. आता गुडघे आणि डॉक्टर, दोघंही विमानात बसू देत नाहीत.

"फोन जरा पाण्याजवळ धरता?" त्या म्हणाल्या.

आणि स्पीकर बंद करून, डोळे मिटून, फोन कानाशी घट्ट धरून, दुसऱ्या हातानं त्यांनी मला खूण केली की कुकर बंद कर, शिट्टी होऊ देऊ नकोस.