मागच्या काचेवरचा तेलकट डाग

चिटगुप्प्याच्या बाजारापलीकडे गाड्या धुणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे मी एकदाच गेलो, गाडी विकायची होती म्हणून. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याला बोलण्याची हौस नव्हती. पाण्याच्या धारेनं लाल माती पूर्ण सुटेपर्यंत त्यानं रंगाला फडकं लावलं नाही. काचा त्यानं ओल्या कानडी वर्तमानपत्रानं पुसल्या, आणि प्रत्येक काच मान तिरकी करून उन्हात बघितली.

मागच्या डाव्या काचेपाशी मात्र तो थांबला. आतल्या बाजूला एक गोल, तेलकट डाग होता.

"हितं कोन डोकं टेकून बसायचं, अण्णा?"

"आई. कलबुर्गीच्या दवाखान्यात नेताना."

"आता कशी हाय?"

"न्हाई राहिली."

त्यानं कागद माझ्या हातात दिला. "मग ही काच मी पुसत न्हाई. तुमीच पुसा."

मला रागच आला. गिऱ्हाईक तासाभरात यायचं होतं. तणतणत आत शिरलो आणि आईच्या जागेवर बसलो. हात काही उचलेना. डोकं तेवढं त्या डागावर टेकलं. खोबरेल तेलाचा वास अजून येत होता.

बाहेर म्हातारा माझ्याकडे पाठ करून, आधीच लख्ख झालेलं बॉनेट पुन्हा पुसायला लागला.