डाळमिलच्या धुळीत सदफ

लातूरच्या त्या डाळमिलमध्ये सदफ कुणालाच नको होती, आणि हे तिला पहिल्याच दिवशी कळवलं गेलं.

नांदेडच्या इतवाऱ्यात वडिलांचं शिलाईचं दुकान. घरात एमएस्सीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीची फेलोशिप तिला मिळाली. उन्हाळ्यात प्रशिक्षण झालं. छाती किती जोरानं हवा बाहेर टाकते हे मोजायचं यंत्र ती वापरायला शिकली आणि डाळमिलची धूळ हा विषय तिनं घेतला. मिलमालक साहेबरावांनी परवानगी दिली, वर चहाही पाजला.

तूर भरडली की फोतरांची भुकटी शेडभर तरंगायची. चाळणीवरच्या बायका तोंडाला पदर गुंडाळून काम करायच्या. त्यांच्यात गोदावरीचा शब्द चाले.

"ह्याच्यात फुकायचं, आन् मंग?" तिनं यंत्राकडं बोट केलं.

"मग कळेल मावशी, धुळीनं छातीचं काय झालंय ते."

"कुणाला कळंल? मालकाला?"

"फक्त तुम्हाला. मी कुणाचंच नाव सांगणार नाही."

"मागं एक मॅडम आलती, ती बी असंच बोलली. म्होरं मालकानं दोघींना घरी बसवलं. हो बाजूला, काम करू दे आमाला."

सदफ तरीही येत राहिली. बसायला कुणी पोतंही दिलं नाही. एकदा तिच्या पिशवीत कुणीतरी मुद्दाम फोतरं ओतली. शेवटी गोदावरीची जाऊ सुकन्या तयार झाली. तिनं फुंकलं आणि खोकत खालीच बसली. त्याच आठवड्यात तिला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी फाटकातच गोदावरीनं सदफची ओढणी धरली. "सांगितलंस ना नाव?"

"मी नाही सांगितलं!"

"खोटं बोलू नको."

सदफला भीतीपेक्षा संताप जास्त आला. ती तडक मालकांच्या खोलीत शिरली. बायका मागोमाग दारात जमल्या.

"साहेब, सुकन्याचं नाव मी दिलं का? यांच्यासमोर सांगा."

साहेबराव हसले. "तुझी काय गरज? खोकणारी बाई मला बसल्या जागी ऐकू येते." मग त्यांचं हसू गेलं. "आणि माझ्या मिलमध्ये मलाच जाब विचारतेस? उद्यापासून फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही."

नांदेडला तिचे मार्गदर्शक सर हे ऐकून भडकले. "भांडायला पाठवलं होतं का तुला? प्रश्नावली भरून घे आणि उरक. जमत नसेल तर फेलोशिप सोड."

"सोडणार नाही, सर. मिलबाहेर मोजेन."

त्यानंतर सर तिच्याशी कामापुरतंच बोलले.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी ती सुकन्याच्या अंगणात यंत्र घेऊन बसू लागली. आधी एकदोघी आल्या, मग बाकीच्या. सगळ्यांच्या शेवटी गोदावरी आली. तिचा आकडा फार वाईट निघाला. सदफनं तिला बाजूला घेतलं.

"सरकारी दवाखान्यात दाखवा. धुळीपासून लांबचं काम मागा."

"काय म्हणून मागू? छाती गेली म्हणून? तुझं बरं हाय. तू लिहिशील, पास होशील."

 सदफला गोदावरीचा राग आला, आणि तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही याचाही.

पण बायकांनी आपापले आकडे एकमेकींना सांगितले. चांगला कुणाचाच नव्हता. मालक काढणार तरी किती जणींना? ऐन हंगामात, तुरीचे ट्रक दारात उभे असताना, बायकांनी चाळणी बंद केली आणि मिलच्या अंगणात बसल्या. धूळ ओढणारा पंखा हवा, सुकन्या परत कामावर हवी. साहेबरावांनी शिव्या दिल्या, दुसऱ्या बायका आणायची धमकी दिली, आणि शेवटी नमले. पंखा बसला. सुकन्या परत कामावर आली, धुळीपासून लांब उघड्यावर पोती शिवायला लागली.

काही महिन्यांनी सदफ पुन्हा सुकन्याच्या अंगणात आली.

"पंखा आमी बसवला," गोदावरी म्हणाली. "तुझ्या कागदानं न्हाई."

"हो, तुम्हीच बसवला."

"मंग आता काय काम?"

"पंख्यानं फरक पडला का, ते मोजायचंय."

गोदावरीनं पदर खोचला. "काढ ते यंत्र. आन् आटप लवकर."

सुकन्याचा आकडा थोडा सुधारला होता. गोदावरीचा होता तिथंच होता. सदफनं तिला तो तसाच, काही न लपवता सांगितला.