फळ्यावरचे आठ एक

सहादेव सरांना सगळे चिडके म्हणतात. मी म्हणतो, त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने दगडच उचलला असता.

घोडेगावहून शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची शाळा. सर गणित शिकवतात, मी चित्रकला. रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी माझ्याकडून मोठा काळा फळा रंगवून घेतला होता. त्यावर ते एक भलामोठा आकडा लिहायचे आणि ज्याला जमेल त्याने खाली त्याचे अवयव मांडायचे. शेळ्या घेऊन निघालेली माणसंसुद्धा थांबून खडू उचलायची. सरांचा सगळा जीव त्या फळ्यात.

एकदा त्यांनी ११११११११ लिहिला. आठवीतल्या ज्योतीने बघता बघता त्याचे ११११ गुणिले १०००१ केले, मग ११११ चे ११ गुणिले १०१. पण १०००१ काही दाद देईना. पोरगी हटून बसली आणि शेवटी ७३ गुणिले १३७ घेऊन आली. सर इतके खूश, की तो आकडा पुसायला त्यांचा हातच होईना.

तिथेच घात झाला. शनिवारी शिंगणापूरला निघालेली एक गाडी थांबली. आठ एक, बेरीज आठ, म्हणजे शनिदेवाचा अंक, तोही काळ्या भिंतीवर! उतरले आणि ओतलं तेल. पुढच्या शनिवारी रुईच्या माळा लटकल्या.

सर स्वतः शनिवार धरतात, देवावर त्यांचा राग नाही. पण रस्त्यात उभे राहून ते ओरडायचे, "अहो, बेरीज आठ म्हणजे नवाने भागल्यावर आठ उरतात, एवढंच! सतरालाही आठच उरतात, सव्वीसलाही. त्यांना का नाही तेल घालत?" लोक त्यांच्याही पाया पडून पुढे जायचे.

शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "सर, तुमच्या हातून देवाचं काम झालं. आता कठडा बांधू, वर पत्रा टाकू. पुसायचं न्हाई बरं का."

गणिताच्या फळ्याला कठडा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या शनिवारी सरांनी सोडा आणि गरम पाणी घेऊन भिंत घासायला घेतली. तेवढ्यात ज्योती आली, हातात रुईची माळ.

"तू कशाला आलीस गं?" सर खेकसले.

"पाया पडायला. परीक्षा हाय, सर."

"अगं, ह्याचे अवयव तूच पाडलेस ना?"

"व्हय सर. म्हनून तर लई भ्या वाटतंय. द्येवाच्या आकड्याचे तुकडे मीच केले न्हवं का."

सरांनी तिच्याकडून माळ काढून घेतली आणि तिच्या हातात खडू दिला. "परत लिही. माझ्यासमोर लिही."

ती रडत रडत लिहू लागली. खडू तेलावरून नुसता घसरत राहिला, एक रेघ उमटेना.

सर हातोडा आणायला आत गेले. मी दुसरा हातोडा शोधायला त्यांच्या मागे गेलो.