ऑक्टोबर सर

ऑक्टोबर सरांना पास झालेल्या मुलांचं काही करता येत नसे. दहावीला गणितात आपटलेली मुलंच ते घेत आणि त्यांना ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसवत, म्हणून हे नाव. कोपरखैरण्यातल्या त्यांच्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास भरे. समोरच्या क्लासच्या फलकावर गुणवंतांचे हार घातलेले फोटो असत. हयात मुलांना हार घालून भिंतीवर टांगायची ही रीत मला तेव्हाही कळली नाही. सरांच्या भिंती कोऱ्या होत्या. नापासांचे फोटो लावायला पालक राजी होत नाहीत. गणिताबरोबर इंग्रजीही राहिलेल्यांना त्या काळात मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकवायला जाई.

नवीन मूल आलं की सर गुणपत्रिका बघत नसत. "काय झालंय?" एवढंच विचारत.

"टेन्शन आलंय, सर."

"टेन्शन विजेच्या तारेत असतं. तुला काय झालंय? हिरमोड झालाय, उमेद गेलीय, की खचलायस?"

मुलगा बावचळून माझ्याकडे बघे. सरांचे उपचार मात्र ठरलेले. हिरमोड झालेल्याला ते दोन दिवस क्रिकेट खेळायला धाडत. उमेद गेलेल्याला पाचवीची गणितं देत. धीर सुटलेल्याला आपल्या खुर्चीला खेटून बसवत. खचलेल्याला काहीच शिकवत नसत. आठवडाभर फक्त फळा पुसायला लावत.

"सर, ही शब्दांची चैन झाली," मी एकदा म्हटलं. "पोरगा गणितात नापास आहे, मराठीत नाही."

"अहो, कुठे दुखतंय ते डॉक्टरही विचारतोच की."

मला हे पटलं नव्हतं.

मग महापे गावातली सुगंधा आली, दुसऱ्यांदा नापास होऊन. वडिलांची जमीन कारखान्यांत गेलेली, आता चाळीचं भाडं यायचं. मुलीला मागणी आली होती. या खेपेला जमलं नाही तर लग्न, हे घरात ठरलं होतं. सरांनी आपली प्रश्नावली चालवली, पण पोरगी मान वर करीना. सर घाबरले. आईकडे वळून हळूच म्हणाले, "हिनं हाय खाल्लीय का हो?"

"हाय, हाय, खाल्लीय," आई म्हणाली. "भाकर न् सुकट खाऊनच आयलीय."

वर्गात हशा फुटला. सुगंधाही ओढणीत तोंड लपवून हसू लागली. सर गोंधळलेलेच. सुगंधाच्या आईच्या बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे', हे मी त्यांना समजावलं.

"म्हणजे आपल्याकडे जी खाल्ली की माणूस खंगत जातो," सर म्हणाले, "तिचा यांच्याकडे अर्थ 'आहे'! कमाल आहे." मग सुगंधाकडे बघून म्हणाले, "हसलीस ना? मग खचलेली नाहीस. बस पुढे."

ऑक्टोबरमध्ये ती थोडक्यात राहिली. निकाल कळल्यावर सर मला घेऊन महाप्याला गेले. वडिलांनी खुर्च्या मांडल्या, थंड मागवलं.

"सर, तुमी तरी तिला किती आशा लावनार?"

"आशेनं अपूर्णांक सुटत नाहीत हो. मार्चपर्यंत थांबा, एवढंच म्हणतोय."

"आनि मार्चला नाय झाली त?"

या प्रश्नासाठी सरांकडे शब्दांचा साठा होता, त्यातला एकही त्यांनी बाहेर काढला नाही.

"तर लग्नात वाढायला येईन," ते म्हणाले.

वडील मोठ्यानं हसले. "वाढाला कशाला, जेवाला या. सांगतो पोराकडच्यांना, थांबा म्हनून."

जूनमध्ये सुगंधा पेढे घेऊन आली. पास झाली होती, गणितासकट. सर उठून उभे राहिले. "बरं," म्हणाले. थोड्या वेळानं, "बरं झालं." माणसाचं मन किती तऱ्हांनी मोडतं हे सांगणाऱ्या त्या गृहस्थाकडे या बाजूचा एवढाच शब्दसंग्रह होता.

ती घुटमळली. सवयीनं म्हणाली, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या? उद्या तुझं इथे काय काम?"

ती खुदकन हसली, पायांत चपला सरकवून निघून गेली. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ तसाच गालात धरून उभे राहिले.