सांडूनानाची मगर

सांडूनानाला कोणी रामराम घातला की तो आधी मागं वळून बघायचा. रामराम आपल्यालाच आहे का, आणि असला तर कशासाठी? एसटीच्या पाटीवर त्याचा विश्वास नव्हता. गाडीत चढल्यावर कंडक्टरला आणि वर शेजारच्या दोघांना विचारून मगच तो सीटवर टेकायचा. लग्नाच्या पंगतीत कोणी आग्रहानं जिलबी वाढली तर म्हणायचा, "लई उरली वाटतं."

आता माणूस उगाच असा होत नाही. नाना लहान असताना धरणवाले साहेब गावात आले आणि एका चिंचेकडं बोट दाखवून नानाच्या बापाला म्हणाले, "पाणी इथपर्यंत येईल, पुढं नाही." पाण्याला बहुधा ते बोट दिसलं नाही. चिंच बुडाली, शेतं बुडाली, गाव बुडालं. उरला फक्त गायरानाचा टेकडा, पाण्याच्या मधोमध. नवं गाव काठावर वसलं. नानाच्या वाट्याला जमीन राहिली नाही, म्हशी राहिल्या. त्यांनी मात्र टेकडा सोडला नाही. रोज सकाळी पोहत जायचं, दिवसभर चरायचं, सांजेला पोहत परत यायचं. सगळ्यांत पुढं कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी आणि चांदीचं शेपूट धरून नाना. त्याच्या आयुष्यात शेपूट सोडून दुसरं काही भरवशाचं नव्हतं.

मग शहरातल्या कुठल्याशा पोरीनं टेकड्यावरून मावळता सूर्य मोबाइलमध्ये धरला आणि वर लिहिलं, 'मराठवाड्याचं मालदीव'. झालं, टेकड्याचं बेट झालं. सुट्टी लागली की वाळूजच्या कंपन्यांतली पोरं मोटारसायकलींवरून आणि शहरातल्या शहागंजातली कुटुंबं पातेली-सतरंज्यांसकट येऊन धडकायची. नानाचा पुतण्या सोमनाथ यानं मासेमारीची जाळी गुंडाळून मोटरबोट घेतली. बघता बघता काठ बोटींनी भरला. बेटावर वाढदिवस व्हायला लागले, लग्नाआधीचे फोटो व्हायला लागले. गवत तुडवून तुडवून पायवाटांचं जाळं झालं. टिटव्यांनी तिथं अंडी घालायचं सोडलं. म्हशींच्या शिंगांना हात लावून फोटो काढणाऱ्यांचा तर सुळसुळाट झाला. एक दिवस चांदीनं गवताबरोबर वेफर्सचं पाकीट गिळलं आणि तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गुरांच्या डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं. "परत असं झालं तर पोट फाडावं लागेल," असं बजावून ते गेले.

विकतचा चारा घालून म्हशी पोसायची नानाची ऐपत नव्हती. बेटावरचं गवत गेलं की म्हशी गेल्या. मग म्हातारपणी वाळूजच्या कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं. आणि तिथल्या साहेबांचा तरी काय भरवसा?

सरपंच करुणाताईंनी ग्रामसभा बोलावली. बेटाची उगवतीकडची बाजू गुरांसाठी आणि पाखरांसाठी राखायची, बोटींनी फक्त मावळतीला लागायचं, मंगळवारी बोटी बंद आणि खाण्याची पाकिटं काठावरच ठेवायची, असा त्यांचा विचार होता. गावाला तो बरा वाटला. म्हणूनच नानाला वाटला नाही.

"आज राखतील, उद्या तिथं हाटेल बांधतील," तो बायकोला म्हणाला.

द्वारकाबाई भाकरी थापत होती. "अवो, तिचीबी दोन गुरं हायेत की."

"तेच तर. स्वतःची असून दुसऱ्याच्या गवताची काळजी कामून करू राहिली?"

ग्रामसभेवर विसंबून राहण्यापेक्षा नानानं आपलाच इलाज काढला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तो बशीत फुंकर मारत सहज बोलला, "पाण्यात मगर हाय. काल चांदीच्या मागं आली होती." विचारलं कोणी तर तो आणखी काहीच सांगत नव्हता. न सांगितलेलं लवकर पसरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पसरलं. पण नानाचा हिशेब असा, की मगर म्हटल्यावर शहरातली माणसं घरी बसतील. शहरातली माणसं मात्र पोरंबाळं सोबत घेऊन मगर बघायला आली. दुर्बिणी आल्या. एका गृहस्थानं मगरीसाठी पिशवीभर कोंबडीची हाडंच आणली. सोमनाथनं बोटीवर पाटी लावली, 'मगर दर्शन'.

"नाना, तुमचे लई उपकार झाले बगा," तो म्हणाला.

"माझे कामून?" नाना दचकला.

"आवो, दिसली तर तुमालाच ना."

पोरगा भोळेपणानं बोलला की टोमणा मारून गेला, यावर नानानं बराच विचार केला.

घरी त्याहून वाईट होतं. द्वारकाबाईनं म्हशी दावणीलाच बांधून टाकल्या.

"मगरीच्या तोंडी देऊ का चांदीला?"

"अगं, काय नाय तिथं."

"मंग टपरीवर काय बरळलात?"

खरं सांगावं तर बायको ते शेजारणीला सांगणार, शेजारीण गावाला. पण आणखी एक गोष्ट त्याला छळायला लागली होती. इतकी माणसं मगर दिसली म्हणून शपथा घ्यायला लागली, त्यातला एखादा खरं बोलत असला तर? आपण खोटं बोललो खरं, पण म्हणून पाण्यात मगर नसेलच, हे तरी कोणी सांगितलं?

अखेर ग्रामसभा भरली आणि सोमनाथ उभा राहिला. "ताई, गवत कुणासाठी राखायचं? मगरीच्या भ्यानं गावाच्या म्हशी काय जाऊ नाय राहिल्या. उगवतीची बाजूबी बोटींला द्या. तिथून मगर झ्याक दिसती."

लोक हसले. करुणाताई हसल्या नाहीत. "नाना, म्हशी जात असतील तर गवत राखू. जात नसतील तर पोरांना नाही कसं म्हणू? तुम्हीच सांगा."

सगळ्यांची तोंडं नानाकडं वळली. मगर नाही म्हणावं तर खोटारडा, आहे म्हणावं तर गवत गेलं. नानानं धोतर खोचलं. "सांगतो कशाला? दावतो."

अर्धं गाव काठावर जमलं. चांदी कितीतरी दिवसांनी पाणी बघून फुरफुरली आणि सरळ आत शिरली, बाकीच्या तिच्या मागं. नानानं शेपूट धरलं. मधोमध आल्यावर त्याच्या पोटरीला काहीतरी गार लागून गेलं. मासा असेल. पाणगवत असेल. नाना डोळे ताणून डावीकडं बघायचा, उजवीकडं बघायचा आणि चांदीला कुजबुजत म्हणायचा, "पाय उचल माय, पाय उचल." एका बोटीतून कोणीतरी ओरडलं, "अबे देख, मगर! बाल भी हैं उसको!" नानाला शिवी द्यायची होती, पण तोंड उघडलं की पाणी आत जात होतं.

चांदी उगवतीच्या चिखलाला लागली. तिनं अंग झटकलं, नानाला पुन्हा नखशिखांत भिजवलं आणि गवतात तोंड घातलं. काठावरून टाळ्या ऐकू आल्या. नाना मात्र चांदीच्या पुढं पुढं वाकून चालत राहिला. एक पाकीट सापडलं, ते त्यानं बंडीत कोंबलं. आणखी एक सापडलं.

तासाभरात बोटीतून करुणाताईच आल्या. सोबत तोंड पाडून बसलेला सोमनाथ आणि कुंपणासाठी बांबूंचा भारा.

"नाना, ठरलं. ही बाजू तुमची," ताई म्हणाल्या. "बोटी मावळतीलाच लागतील."

नानानं मान डोलावली. सोमनाथनं पहिला बांबू चिखलात रोवला. नानानं जवळ जाऊन तो हलवून बघितला, मग बोटीतल्या भाऱ्याकडं बघितलं. सभा आजच झाली. पोहून यायला किती वेळ लागला? मग इतक्यात एवढे बांबू तोडले कुणी?

"ताई," त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "बांबू कवा आणले होते?"