गाईडशिवायची दहा मिनिटं

त्या रविवारी सकाळी मी इमारतीच्या गच्चीवर प्लंबरसोबत पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे श्रीकांतराव जिना चढून वर आले. आमच्याकडे लिफ्ट नाही. साठी ओलांडलेला माणूस गच्चीपर्यंत येतो म्हणजे पाण्याचीच तक्रार असणार, असं धरून मी आधीच म्हणालो, "अर्ध्या तासात सोडतो पाणी." ते म्हणाले, "सावकाश सोडा, सावंत. नीला गेली... पहाटे, हॉस्पिटलमध्ये." त्यांची बायको नीलाताई आजारी आहेत हे आम्हाला जेमतेम दोन आठवडे आधी कळलं होतं. इतक्या आजारी असतील याचा अंदाज कोणालाच नव्हता. मी खाली आलो. माझी मुलगी ऋचा दारातच उभी होती, तिला फोन येऊन गेला होता. नीलाताई तिच्या पीएच.डी.च्या गाईड होत्या आणि तिचं तिसरं वर्ष चालू होतं. ती रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं, आता हिचं काय होणार?

आज काही आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे. नीलाताई गेल्याचं दुःख आणि ही काळजी या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

त्या मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होत्या. क्षयरोगाच्या जंतूंवर काम करायच्या आणि तिथला पीएच.डी.चा कार्यक्रमही त्याच चालवायच्या. इमारतीत त्या राहायला आल्या आणि दारावरच्या पाटीवर लोकांनी 'डॉ.' वाचलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरचे लालवाणी खोकला घेऊन वर गेले. लालवाणींचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे, आणि कुठलीही गोष्ट फुकटात विचारून बघण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. नीलाताई त्यांना म्हणाल्या, "मी जंतूंची डॉक्टर आहे, तुमची नाही. तुमच्या जंतूंना काही झालं तर या." हा किस्सा लालवाणींनीच सगळ्यांना सांगितला.

मी सोसायटीचा खजिनदार. नोकरी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात, हिशेब खात्यात. हिशेब चोख ठेवतो याचा मला अभिमान आहे, तो मी लपवतही नाही. नीलाताईंच्या पहिल्याच वार्षिक सभेत मी जमाखर्च वाचून दाखवला, कोणाला काही शंका आहे का विचारलं, आणि नेहमीप्रमाणे कोणालाच नव्हती. तेव्हा त्या उठल्या. म्हणाल्या, "सूचना आहे. सावंतांनी दहा मिनिटं बाहेर जावं." मला तर कानाखाली बसल्यासारखं झालं. "माझ्यावर संशय आहे का?" मी विचारलं. "अजिबात नाही. पण तुमच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. विचारणाऱ्याच्या अंगावर तुम्ही आकडे फेकता." लोक हसले. मी पार्किंगमध्ये जाऊन पंपाजवळ उभा राहिलो. आत काय चाललं असेल या विचाराने वर्षभराच्या पावत्या मनात पुन्हा तपासल्या. सभा संपल्यावर लालवाणी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "अरे साईं, इतना क्या घबराता है? हिसाब तेरा सही है. सिर्फ सब बोले, आदमी थोडा कडक है." जी गोष्ट आतल्या आत ठेवायची असं आत ठरलं होतं, ती त्यांनी पाच मिनिटांत मला सांगून टाकली.

ही पद्धत त्यांच्या संस्थेतली आहे हे मला पुढे कळलं. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला गाईड सोडून इतर तीन प्राध्यापकांची एक समिती असते. वर्षातून एकदा विद्यार्थी तिच्यापुढे आपलं काम मांडतो. शेवटी गाईडने उठून बाहेर जायचं, दार लावून घ्यायचं, आणि विद्यार्थ्याने समितीशी एकट्याने बोलायचं. त्या खोलीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. हा नियम नीलाताईंनीच आणला होता आणि त्यावरून वरिष्ठांशी भांडल्याही होत्या. "तुमच्या गाईडने छळलं होतं का तुम्हाला?" मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "छे हो. देवमाणूस होता. पण नसता, तर मी कोणाला सांगणार होते?"

ऋचाची तिथे निवड झाली तेव्हा मुलाखतीच्या दिवशी नीलाताई रजा घेऊन घरी बसल्या. शेजारच्या मुलीची निवड होताना आपण त्या इमारतीतसुद्धा नको, असं त्यांचं म्हणणं. पहिलं वर्ष वर्गात बसून शिकायचं होतं. संख्याशास्त्र, संशोधनातली नीती, रुग्णांचे नमुने कसे हाताळायचे, असं बरंच काही. सोबत प्रयोगशाळेतलं कामही होतं. आणि इथे आमचा घोटाळा झाला. दोन-तीन महिने झाले आणि ऋचा म्हणाली, "बाबा, सोमवारपासून माझी लॅब बदलणार." आणखी काही महिन्यांनी ती पुन्हा तेच म्हणाली. मी बायकोला म्हणालो, "दोन ठिकाणांहून काढलं पोरीला. आपल्यापासून लपवतेय." आमच्या कारखान्यात माणसाला वर्षात दोनदा खातं बदलून दिलं की तो तिसऱ्यांदा घरीच जातो, हे मी पाहिलेलं आहे. बायको दोन दिवस जेवली नाही. शेवटी मी जिन्यात नीलाताईंना गाठलं. त्या हसून हसून कठड्याला टेकल्या. "काढलं नाही हो, फिरवलं! तीन लॅबमध्ये काम करून बघायचं आणि मग ठरवायचं, पाच वर्षं कोणाकडे काढायची ते. लग्नाआधी तीन घरी राहून बघायची सोय असती ना सावंत, तर किती जणींचं भलं झालं असतं." वरून श्रीकांतरावांचा आवाज आला, "ऐकतोय मी!" "ऐकण्यासाठीच बोलले," त्या म्हणाल्या.

ऋचाने अखेर त्यांचीच लॅब निवडली. जंतू औषधांना दाद का देत नाहीत हा तिचा विषय. त्या दिवशी नीलाताई आमच्या दारात येऊन सांगून गेल्या, "आजपासून जिन्यात तिच्या कामाचं विचारायचं नाही. पाण्याचं विचारा, कचऱ्याचं विचारा." मी ते बहुतेक पाळलं.

पाळलं नाही ते एकदाच, गेल्या वर्षीच्या समितीनंतर. त्या दिवशी ऋचा घरी आली ती थेट खोलीत गेली. जेवताना तिने सांगितलं की प्राध्यापकांनी तिला धारेवर धरलं. सगळे नमुने एकाच रुग्णालयातले का, एवढ्यावरून निष्कर्ष कसा काढलास, असं सगळं. "आणि मॅडम?" बायकोने विचारलं. "मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या, आई. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनीच सांगितलं होतं ना, आधी एकाच ठिकाणचे घे म्हणून? मग सांगायला काय झालं होतं?"

मला रात्रभर झोप नाही. गाईडनेच हात काढून घेतला तर मुलीने बघायचं कोणाकडे? दुसऱ्या दिवशी जिन्यात नीलाताई भेटल्या. दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घेत होत्या. बारीक झाल्यात असं मनात आलं, पण मी माझ्याच तिरमिरीत होतो. "ताई, पोरीला तोंडघशी पाडलंत तुम्ही," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पडली का? मला तर उभी दिसली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने दिली, हे सांगितलं का तिने घरी?" मी म्हणालो, "तुम्ही दोन शब्द बोलला असतात तर..." "तर ती माझी दोन वाक्यं त्यांनी लक्षात ठेवली असती," त्या म्हणाल्या. "तिची नाही." मग "पाण्याचं विचारा, सावंत," म्हणत हळूहळू वर गेल्या.

आजाराचं निदान त्या समितीच्या महिनाभर आधीच झालं होतं, हे आम्हाला श्रीकांतरावांकडून आत्ता कळलं. नीलाताईंनी घरात आणि संस्थेच्या प्रमुखांना तेवढं सांगितलं होतं. विद्यार्थ्यांना सांगायचं नाही, अशी अट घातली होती. त्या वर्षी त्या आपल्या चारही विद्यार्थ्यांच्या समितीत तशाच गप्प बसल्या. श्रीकांतराव म्हणाले, "घरी येऊन रडायची. म्हणायची, आज पोरांना एकटं सोडलं मी."

नीलाताईंच्या तेराव्याला ते चौघे विद्यार्थी अंबरनाथला आमच्या इमारतीत आले होते. एकमेकांना धरून बसल्यासारखे बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्याच आठवड्यात आपल्या भाच्याची गोष्ट सांगितली होती. त्याचा गाईड परदेशी गेला, दुसऱ्या कोणी त्याला घेतलं नाही, आणि सहा वर्षांचं काम कपाटात राहिलं. मी मनातल्या मनात ऋचाची वर्षं मोजत होतो. पहिलं वर्ष शिकण्यात, दुसरं नमुने गोळा करण्यात... नवा माणूस म्हणाला की हे सगळं मला पटत नाही, पुन्हा सुरू कर, तर? तिचं वय काय होईल? शिष्यवृत्ती संपल्यावर काय? बायको म्हणाली, "तिला विचारू नका. तिला हे सगळं तुमच्याआधी सुचलंय."

ऋचाची समिती गेल्या मंगळवारी बसली. मी कारखान्यात एकही नोंद धड केली नाही. संध्याकाळी ऋचा आली, चप्पल काढली, पाणी प्यायली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. "बाबा, बसा तरी," ती म्हणाली. मग सांगितलं. शेजारच्या लॅबचे एक सर तिचे गाईड झाले. काम आहे तसंच पुढे चालू राहणार, फक्त दुसऱ्या रुग्णालयातले नमुने वाढवायचे. नवे सर पहिल्यांदा विचारायला लागले, हे असं का केलंस, ते तसं का. तर समितीतल्या एक बाईच म्हणाल्या, "त्याचं कारण तिने गेल्या वर्षी सांगितलंय," आणि त्यांनी ते कारण ऋचाच्याच शब्दांत सांगितलं. "मला पहिल्यापासून काही सांगावं लागलं नाही, बाबा. त्यांना सगळं माहीत होतं."

बायको देवापाशी गेली. मी खुर्चीवर बसलो. पाय दुखत होते, इतका वेळ आपण उभे आहोत हे लक्षातच आलं नव्हतं.

"मग शेवटी सर बाहेर गेले," ऋचा म्हणाली. "दार लावून घेतलं. आणि मी नि समितीतले तिघं तसेच बसून राहिलो. मग बोललो."

"काय बोललात?"

"बाबा."

पुढचा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. समितीला तिच्याबद्दल खरं काय वाटतं, नव्या सरांचा स्वभाव कसा आहे, पाच वर्षांत होईल ना... हे सगळं त्या बंद दाराआडच्या बोलण्यात असणार, आणि ते कळलं असतं तर मला निदान त्या रात्री झोप लागली असती. ऋचा माझ्याकडे बघत थांबली होती. मी विचारलं, "उद्या किती वाजता निघणार आहेस?"