आठ जीबी पुरे

आमच्या घरात लॅपटॉप कधी घ्यावा आणि कोणता घ्यावा, हे मी सांगत असे. नणंदेच्या मुलाचा, सासऱ्यांच्या मित्राचा, खालच्या मजल्यावर क्लास घेणाऱ्या बाईंचा, सगळे माझ्या शब्दावर घेतलेले. मी घरी बसून भाषांतरं करते, दिवसातले आठ-नऊ तास मशीनसमोर असते, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा समज होता, आणि तो खरा होता. घरात तेवढाच माझा मान. माझा स्वतःचा लॅपटॉप मात्र अकरा वर्षांचा. त्याची बिजागरी तुटलेली, स्क्रीन मागे पडू नये म्हणून साबुदाण्याचा डबा टेकवलेला. चार्जरची पिन वाकडी धरली तरच चार्ज व्हायचा. चालतंय तोवर चालवायचं, उगाच नव्याच्या मागे लागू नये, असं मी लोकांना सांगायचे. त्यात तत्त्व थोडंच होतं. दरवर्षी काही ना काही निघायचं आणि राहून जायचं, एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू, एकदा मुलीची अ‍ॅडमिशन.

शहाडला आमचा आणि धाकट्या दिराचा फ्लॅट एकाच मजल्यावर, समोरासमोर आहे. दारं दिवसभर उघडी असतात. जावेकडे काय आलं, काय गेलं, हे मला न बघता कळतं, आणि मी बघतेही.

जाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लग्नाआधी इंटिरियरची कामं करायची, मुलगा झाल्यावर सहा वर्षं घरी होती. तो पहिलीत गेला आणि कोपरीतल्या एका मॉड्युलर किचनवाल्याने तिला घरून ड्रॉइंगं करायचं काम देऊ केलं. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं. दीर त्याच संध्याकाळी म्हणाले, "तुला हवा तो लॅपटॉप घे." एवढंच वाक्य. अकरा वर्षांत मला ते कुणी म्हटलं नव्हतं. मीही कधी मागितला नव्हता, पण त्या वेळी हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला तिचा हेवा वाटला, चांगला पोटात दुखेपर्यंत वाटला.

दुसऱ्या दिवशी ती वही-पेन घेऊनच माझ्याकडे आली. "ताई, नीट सांगा हं. त्यांच्या ऑफिसातली मुलगी बोलली, थ्रीडीला सोळा जीबी रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड पण वेगळं लागतं. खरंच लागतं का?"

खरंच लागतं. मला पक्कं माहीत होतं.

"अगं, आठ जीबी पुरे," मी म्हटलं. "कमी पडली तर पुढे वाढवता येईल. तू वजन बघ, स्क्रीन बघ, की-बोर्ड बघ. रोज डोळे आणि बोटंच वापरायची असतात."

तिने ते सगळं लिहून घेतलं. स्क्रीन आणि की-बोर्डाचं बरोबरच होतं. सल्ल्यातलं बरंचसं बरोबर होतं, म्हणून तर तो खपला. पण पुढे वाढवता येईल, हे धादांत खोटं होतं. त्या पातळ लॅपटॉपांत रॅम आतल्या मदरबोर्डावरच चिकटवलेली असते, घेताना जेवढी असेल तेवढीच कायमची. नणंदेच्या मुलाला मी हेच तीनदा बजावलं होतं. जावेला सांगितलं नाही. मी डब्याला टेकलेलं मशीन घेऊन बसायचं आणि समोरच्या घरात तिने सोळा जीबीवर काम करायचं, हे मला सहन होत नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं.

ठाण्याच्या दुकानातही मीच तिच्याबरोबर गेले. सेल्समन सोळाकडे बोट दाखवत होता तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "त्यांना काय, विकायचंच असतं."

तिने आठ जीबीचा घेतला. चंदेरी, एका हाताने उचलता येईल असा. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पुढे पेढा ठेवला. झाकणाच्या कोपऱ्यातला कुंकवाचा ठिपका जावेने पुसला नाही. आणि गंमत म्हणजे, मीच कमी प्रतीचा घ्यायला लावलेल्या त्या लॅपटॉपवरही मी जळतच होते. तो बटण दाबलं की चालू व्हायचा. माझा चालू होईपर्यंत मी कुकर लावून यायचे. तिच्या स्क्रीनवर भर दुपारी खिडकीतलं ऊन आलं तरी अक्षर न् अक्षर दिसायचं. मी पदराने सावली करून वाचायचे.

सुरुवातीची साधी ड्रॉइंगं झाली. मग मोठी किचनं यायला लागली, रंग, लाइट, टाइल्स सगळं दाखवायचं, आणि लॅपटॉप अडकायला लागला. ती चित्र तयार व्हायला लावून पोळ्या करून यायची, तरी ते अर्ध्यावरच असायचं. कधी सगळंच बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने संपायला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, ऑफिसातली मुलगी एका दिवसात करते, मला तीन दिवस लागतात. सहा वर्षं घरी बसले ना. हात गेला माझा. त्यांनी नाही म्हणायच्या आत मीच नाही सांगून टाकते."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "होईल गं सवय." तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून कोथिंबीर निवडायला घेतली. खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं, आणि त्याची मला लाजही वाटली.

त्याच आठवड्यात माझा लॅपटॉप गेला. डबा होता, चार्जर वाकडा धरला होता, पण पडदा काळा तो काळाच. नवरा म्हणाला, "आता घेऊन टाक एकदाचा." जाऊ म्हणाली, "माझ्या वेळी तुम्ही आलेलात, आता मी येते." नको म्हणायला काही कारण सापडलं नाही.

ठाण्याच्या त्याच दुकानात गेलो. माझं काम नुसत्या मजकुराचं, मला आठ जीबी खरंच पुरली असती. पण मला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. काउंटरवर गेल्या गेल्या मी सवयीने बोलून गेले, "सोळा जीबीचा दाखवा, ग्राफिक्स कार्डवाला. आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली नको, ती नंतर वाढवता येत नाही."

जावेने विचारलं, "चिकटवलेली म्हणजे?"

सेल्समनने सोळाचा एक काउंटरवर ठेवत हौसेने समजावलं. तिने फोनमधलं स्वतःचं बिल काढून त्याला दाखवलं. "ह्याच्यात वाढत नाही का?"

"नाही मॅडम. काम काय करता? थ्रीडी? मग तो अडकणारच. तुमची काही चूक नाही."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारायला आलेले तेव्हा?"

"तेव्हाही."

आता ही रडेल, निदान चार माणसांत काहीतरी बोलेल, अशी मी मनाची तयारी केली. ती बिलाकडे बघत राहिली. मग हळूच, स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मी स्लो नाहीये." कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. मी फसवलं याचा राग तिला नंतर यायचा होता. आधी तिला तिचा हात परत मिळाला होता.

मी म्हटलं, "हा सोळावाला तू घे. मला तुझा दे. माझ्या कामाला आठ पुरे."

आमच्याकडे अशा वेळी दोनदा तरी 'नको ताई' म्हणायची पद्धत आहे. मी त्याची वाट बघत होते.

"द्या," ती म्हणाली.

खोपटपर्यंत आम्ही चालत आलो, तिथून स्टेशनपर्यंत रिक्षा केली. खोका तिने मांडीवर धरला होता. मी धरते म्हटलं तर तिने तो आणखी जवळ ओढला.

तिचं काम कायम झालं. आता ती दिवसाला एक किचन करते. घरात तिने कुणाला काही सांगितलं नाही, त्यामुळे नणंद अजून मला फोन करून विचारते, हा घेऊ की तो. मी खरं तेच सांगते. कुंकवाचा ठिपका असलेला चंदेरी लॅपटॉप आता माझ्या टेबलावर आहे आणि माझ्या कामाला तो झकास चालतो.

गेल्या महिन्यात समोरच्या दारात प्रिंटरचा मोठा खोका उतरला. मी दारातून बघत होते. आत येऊन मुलीला विचारलं, "काकीने प्रिंटर घेतला?"

"हो, मला विचारून घेतला," ती फोनमधून मान वर न करता म्हणाली. "वही-पेन घेऊन आलेली."

मुलगी माझीच, एकोणीस वर्षांची, प्रिंटरमधलं तिला माझ्या निम्म्यानेही कळत नाही. दिवसभर मी तिच्याशी धड बोलले नाही.